वाचकांचे प्रश्न : पद्मिनी नेमकी कधी गेली, आणि कशामुळे?

३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईत एकही प्रीमियर पद्मिनी टॅक्सी म्हणून धावत नाही. त्या घटनेनंतर आमच्याकडे या गाडीविषयी पत्रे येऊ लागली आणि अजूनही येत आहेत. बऱ्याच पत्रांत आठवणी आहेत, काहींत संताप आहे आणि काहींत माहितीचा गोंधळही आहे. त्यांतील चार प्रश्न या अंकासाठी निवडले आहेत.

प्रश्न : माझे वडील कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात नोकरीला होते. पद्मिनी बंद पडण्याचे खापर आमच्या घरी कुणी मारुतीवर फोडतो, कुणी कामगार संघटनांवर, तर कुणी सरकारवर. खरे कारण कोणते? शिवाय वर्तमानपत्रांत ही गाडी ‘बंद झाल्याचे’ साल कधी २००० येते, तर कधी २०२३. यांतले बरोबर कोणते? (एक वाचक, चेंबूर)

आधी सालांचा उलगडा करतो, कारण बराचसा वाद त्या गोंधळातूनच निर्माण झालेला आहे. पद्मिनीचे उत्पादन २०००-०१ च्या सुमारास थांबले. मुंबईत टॅक्सी म्हणून शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयात नोंदली गेली. टॅक्सीसाठी वीस वर्षांची वयोमर्यादा असल्यामुळे त्या गाडीची मुदत २०२३ च्या ऑक्टोबरअखेर संपली. म्हणजे कारखान्यातून पद्मिनी गेली ती एकदा आणि रस्त्यावरून गेली ती दुसऱ्यांदा. या दोन घटनांमध्ये वीस वर्षांहून अधिक अंतर आहे आणि त्यांची कारणेही वेगवेगळी आहेत. आपण विचारलेले कारण पहिल्या घटनेचे आहे.

वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. सोलापुरात जन्मलेल्या या उद्योजकाने त्याआधी बंगळुरूला विमानांचा आणि विशाखापट्टणमला जहाजबांधणीचा कारखाना उभारण्यात पुढाकार घेतला होता. मोटारीचा कारखाना हे त्याच स्वप्नाचे तिसरे अंग होते. कुर्ल्यात आधी अमेरिकन क्रायस्लर कंपनीच्या गाड्यांची जुळणी झाली आणि पन्नासच्या दशकात इटलीच्या फियाटशी करार होऊन ‘११००’ या मालिकेची गाडी येथे तयार होऊ लागली. १९६४ मध्ये आलेले ‘फियाट ११०० डिलाइट’ हे तिचे रूप थोड्याफार बदलांनिशी शेवटपर्यंत टिकले. फियाटशी असलेला करार संपल्यावर ती आधी ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ झाली आणि १९७४ पासून चितोडच्या राणीच्या नावावरून ‘प्रीमियर पद्मिनी’ म्हणून ओळखली जाऊ लागली. नाव बदलले तरी १०८९ घन सेंटिमीटरचे इंजिन, चक्राच्या दांड्यावरचा गिअर आणि पुढचे सलग बाकासारखे आसन हे सारे तसेच राहिले. लोकही तिला फियाटच म्हणत राहिले.

माझे मत असे आहे की, एकच गाडी पस्तीस वर्षे विकली जाऊ शकली याचे जे कारण, तेच तिच्या अंताचेही कारण आहे. परवाना पद्धतीच्या काळात कोणत्या कारखान्याने किती गाड्या काढाव्यात यावर सरकारचे नियंत्रण होते, गाडीची किंमतही काही काळ सरकारी आदेशाने ठरत होती आणि त्या किमतीचा वाद थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. पैसे भरून वर्षानुवर्षे थांबणारे ग्राहक दाराशी उभे असताना आणि किंमत आपल्या हातात नसताना, नवे इंजिन किंवा नवा सांगाडा विकसित करण्यासाठी भांडवल गुंतवण्याची निकड कोणत्याही कंपनीला भासली नसती. १४ डिसेंबर १९८३ रोजी मारुती ८०० ची पहिली गाडी ग्राहकाच्या हाती पडली, तेव्हा वजनाने हलकी, इंधन कमी पिणारी आणि सकाळी लगेच सुरू होणारी मोटार कशी असते हे प्रथमच लोकांना दिसले. मारुतीने पद्मिनीला मागे टाकले हे खरेच आहे. परंतु पद्मिनी मागे पडण्याइतकी जुनी का राहिली, हा त्याच्या आधीचा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर बंद बाजारपेठेत सापडते.

नव्वदच्या दशकात अर्थव्यवस्था खुली झाल्यावर प्रीमियरने परदेशी भागीदारीचा मार्ग धरला. कल्याणला प्यूजो ३०९ आणि कुर्ल्याला फियाट उनो तयार होऊ लागली. कल्याणचा प्रकल्प कामगार तंट्यात सापडून काही वर्षांतच थांबला, तर कुर्ल्याच्या कारखान्याचा कारभार पुढे फियाटकडे गेला. त्या उलथापालथीत पद्मिनी हे कुणाच्याच भविष्याच्या आराखड्यातले उत्पादन उरले नव्हते. शेवटी शेवटी तिला डिझेल इंजिन आणि आसनांच्या मधला गिअरही देण्यात आला, पण तोवर उशीर झाला होता. २००० च्या सुमारास नव्या गाड्यांच्या धुरावर युरोपच्या धर्तीच्या मर्यादा लागू झाल्या, आणि कार्बोरेटरवर चालणाऱ्या साठच्या दशकातील इंजिनाला त्या मर्यादांत बसवणे व्यवहारात परवडणारे नव्हते.

कामगारांवर सगळे खापर फोडणाऱ्यांना मी एवढेच विचारीन की, कल्याणचा प्रकल्प ज्या कामगार तंट्यात सापडला तो नव्वदच्या दशकातला. मग सत्तर आणि ऐंशीच्या दशकांत गाडी बदलली नाही, त्याला कोण जबाबदार? आपल्या वडिलांसारख्या हजारो माणसांनी त्याच जुन्या साच्यांवर आणि यंत्रांवर दशकानुदशके गाड्या घडवल्या. त्यांनी घडवलेल्या पत्र्याचा टिकाऊपणा मुंबईच्या खाऱ्या हवेत आणि पावसाळ्यात वीस-पंचवीस वर्षे दिसत राहिला. पुढे त्याच कुर्ल्यात फियाटची पालिओही तयार झाली, नंतर ते काम पुण्याजवळ रांजणगावला हलले. कारखान्याच्या जागेवर आता इमारती उभ्या आहेत.

प्रश्न : उत्तम स्थितीत चालणाऱ्या पद्मिनी टॅक्स्या केवळ वयाच्या नियमावर बोट ठेवून भंगारात काढणे हा अन्याय नव्हता का? आमचे अख्खे लहानपण त्या गाडीच्या टपावर सामान बांधून दादर स्थानकावर जाण्यात गेले. शासनाला या शहराच्या आठवणींची काहीच किंमत नाही का? (एक वाचक, ठाणे)

आपल्या प्रश्नात दोन प्रश्न मिसळलेले आहेत. नियम बरोबर होता का, हा एक, आणि नियम पाळताना शहराने काय राखून ठेवायला हवे होते, हा दुसरा. पहिल्याचे माझे उत्तर आपल्याला कदाचित आवडणार नाही. दुसऱ्याच्या बाबतीत मी पूर्णपणे आपल्या बाजूचा आहे.

टॅक्सीच्या वयाची मर्यादा अचानक आलेली नाही. मुंबईच्या हवेविषयीच्या जनहित याचिकेवर १९९९ पासून उच्च न्यायालयात सुनावणी सुरू होती. तिच्यातून समिती नेमली गेली आणि जुन्या टॅक्स्या सीएनजीवर आणण्याची प्रक्रिया सुरू झाली. २००८ मध्ये टॅक्सीसाठी पंचवीस वर्षांची मर्यादा आली आणि २०१३ मध्ये ती वीस वर्षांवर आणली गेली. सीएनजीमुळे धुराचा प्रश्न बराच हलका झाला, हे मान्य. मात्र टॅक्सी ही दिवसातून दोन पाळ्यांत चालणारी गाडी असते. खासगी मोटार वीस वर्षांत जितकी धावते त्याच्या कितीतरी पट टॅक्सी धावते. तिच्या ब्रेकवर, सांध्यांवर आणि गंजलेल्या तळपत्र्यावर भरवसा ठेवून रोज अनोळखी माणसे बसतात. आपल्या लहानपणी मागच्या आसनावर पाचजण दाटीवाटीने बसत आणि अपघाताचा विचार कुणाच्या मनात येत नसे. आज आपण आपल्या नातवंडांना पट्ट्याशिवाय पुढे बसवणार नाही. प्रवासी वाहनाला वयाची मर्यादा असावी, यात मला अन्याय दिसत नाही.

अन्याय झाला असेल तर तो चालकांच्या बाबतीत होता. गाडी स्वतःच्या नावावर असलेल्या चालकाला नवी सँट्रो किंवा वॅगन आर घ्यायची म्हणजे कर्ज काढणे भाग होते, आणि हे ज्या वर्षांत घडले त्याच वर्षांत मोबाइलवरून बोलावण्याच्या टॅक्स्यांनी त्याचे उत्पन्न खाली आणले. पद्मिनीचा त्याला जो उपयोग होता तो आठवणींचा नव्हता. तिचे काम कोणत्याही गल्लीतल्या मिस्त्रीला येत होते, सुटे भाग जुन्या बाजारात मिळत होते आणि बिघडलेली गाडी चालक स्वतः रस्त्याच्या कडेला बोनेट उघडून दुरुस्त करू शकत होता. पद्मिनीबरोबर दुरुस्तीची ती सगळी साखळी मोडली. पद्मिनीच्या आठवणी लिहिणारे आपण बहुतेक सर्वजण मागच्या आसनावर बसलेले आहोत. पुढच्या आसनावरच्या माणसाच्या आठवणी नोंदवून घेण्याचे काम अजूनही व्हायचे आहे, आणि ती माणसे आता साठी-सत्तरीची झालेली आहेत.

आता दुसरा प्रश्न. किमान एक पद्मिनी टॅक्सी रस्त्यावर किंवा संग्रहालयात राखावी, अशी मागणी मुंबई टॅक्सीमेन्स युनियनने केली होती. ती अगदी रास्त होती आणि ती मान्य करण्यासाठी कोणताही नियम मोडावा लागला नसता, कारण प्रदर्शनात उभ्या असलेल्या गाडीला टॅक्सीचा परवाना लागत नाही. २०२३ च्याच सप्टेंबरात बेस्टच्या डिझेलवर चालणाऱ्या दुमजली बसही निरोप घेऊन गेल्या. बेस्टचे स्वतःचे संग्रहालय आणिक आगारात आहे, त्यामुळे बसच्या इतिहासाला निदान एक हक्काचे घर आहे. टॅक्सीला तसे घर नाही. काळ्या अंगाची, पिवळ्या टपाची, डाव्या बाजूला बाहेर यांत्रिक मीटर लावलेली, छताला आतून फुलाफुलांचे कापड लावलेली एक मूळ पद्मिनी, तिच्या चालकाच्या बिल्ल्यासह आणि खाकी गणवेशासह, या शहरात कायमची पाहायला मिळायला हवी. दिल्लीत लालबहादूर शास्त्री यांच्या स्मारकात त्यांची १९६४ ची फियाट जपलेली आहे. बारा हजारांची ती गाडी घेण्यासाठी पंतप्रधानांना पंजाब नॅशनल बँकेकडून पाच हजारांचे कर्ज घ्यावे लागले होते आणि त्यांच्या निधनानंतर पत्नी ललिताबाईंनी ते फेडले. कुर्ल्यात तयार झालेली ती गाडी आज दिल्लीत त्या काळाची साक्ष देते. ज्या शहरात ती घडली, त्या शहराने स्वतःसाठी अशी एक गाडी ठेवू नये, याचे मला मनापासून दुःख होते.

प्रश्न : आमचे आजोबा ‘डुक्कर फियाट’ म्हणत, ती पद्मिनीच का? (एक वाचक, सांगली)

नाही. ‘डुक्कर फियाट’ म्हणजे पन्नासच्या दशकात आलेली ११०० ची आधीची आवृत्ती. तिचे गोलसर, फुगीर अंग आणि पुढे आलेले नाक पाहून लोकांनीच तिला हे नाव दिले, आणि त्यात हेटाळणीपेक्षा लाडच अधिक होता. तिच्या पुढच्या दारांची बिजागरी मागच्या बाजूला असत, त्यामुळे दारे उलटी उघडत. पद्मिनीची चौकोनी ठेवण आणि मागच्या कोपऱ्यांवरचे टोकदार पंख तिच्यात नव्हते. घरी जुना फोटो असेल तर दाराची मूठ कोणत्या कडेला आहे ते पाहावे.

प्रश्न : आमच्याकडे आजोबांनी घेतलेली १९७८ ची खासगी पद्मिनी आहे. ती अजूनही चालते. वीस वर्षांच्या नियमामुळे ती आता भंगारात द्यावी लागेल, असे शेजारी सांगतात. हे खरे आहे काय? (एक वाचक, नाशिक)

हे खरे नाही, आणि या गैरसमजातून चांगल्या गाड्या भंगारात गेल्या असतील अशी भीती वाटते, म्हणून सविस्तर लिहितो. मुंबईतील वीस वर्षांची मर्यादा टॅक्सीच्या परवान्यासाठी आहे. दिल्ली आणि तिच्या परिसरातील दहा व पंधरा वर्षांचे निर्बंध हे तेथील न्यायालयीन आदेशांतून आलेले आहेत आणि ते महाराष्ट्राला लागू नाहीत. महाराष्ट्रातील खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांनंतर, गाडीची तपासणी करून, दर पाच वर्षांनी नव्याने करून घेता येते. त्यासोबत पर्यावरण कर भरावा लागतो. नूतनीकरणाचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून बरेच वाढवण्यात आले आहे आणि जुन्या गाड्यांचे दर अधूनमधून बदलतात, म्हणून अर्ज करण्यापूर्वी आपल्या प्रादेशिक परिवहन कार्यालयात चालू दर विचारून घ्यावेत.

दुसरा मार्ग २०२१ च्या केंद्रीय नियमांनी खुला केला आहे. पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात असलेल्या आणि सांगाड्यात, बांधणीत किंवा इंजिनात मोठा बदल न केलेल्या दुचाकी व चारचाकी गाड्यांची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी करता येते. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये असून ती दहा वर्षांसाठी असते, आणि आधीपासून नोंदलेल्या गाडीला तिचा जुना क्रमांक ठेवता येतो. आपली गाडी २०२८ मध्ये या अटीत बसेल. मात्र घाई करू नये, कारण अशी गाडी रोजच्या वापरासाठी किंवा व्यवसायासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, मोटारफेरी, इंधन भरणे, दुरुस्ती अशा मोजक्या कारणांसाठीच ती बाहेर काढायची असते. रविवारी सकाळी कुटुंबाला घेऊन त्र्यंबकेश्वरला जाण्याचा आपला परिपाठ असेल, तर साधी नोंदणी चालू ठेवणे अधिक सोयीचे ठरेल.

तोवर एक विनंती आहे. चोक ओढून गाडी सुरू करण्याचा कंटाळा आला म्हणून किंवा मिस्त्रीच्या आग्रहावरून मूळ इंजिनाच्या जागी दुसऱ्या गाडीचे इंजिन बसवू नका. तसे केल्यास २०२८ चा मार्ग आपल्याच हाताने बंद होण्याचा धोका आहे. आणि आजोबांनी गाडीसाठी नाव नोंदवल्याची पावती, वाटपाचे पत्र, पहिले बिल यांतले काही घरातल्या ट्रंकेत असेल तर ते शोधून, कोरड्या जागी, गाडीच्या कागदपत्रांसोबत ठेवा. नाव नोंदवल्याची तारीख आणि गाडी हाती आल्याची तारीख या दोन्ही त्यांत सापडल्या, तर आम्हाला अवश्य कळवा.