जुनी इंग्रजी रॉक-पॉप गाणी अकॉर्डियनवर वाजवली तर हास्यास्पद वाटतं का?

वाटू शकतं. माझं वाटलं होतं, तेही अख्ख्या चाळीसमोर, आणि माइक नेमका माझ्या दिरांच्या हातात होता.

तुम्ही लिहिलंय की हार्मोनियम बऱ्यापैकी येते, वडिलांच्या कॅसेटींवर ऐकलेली पन्नास-साठच्या दशकातली गाणी वाजवायची हौस आहे, आणि अकॉर्डियन ४८ बासचा, म्हणजे डाव्या हाताला ४८ बटणं असलेला, घ्यावा की १२०चा ते ठरत नाहीये. ते ४८-१२०चं नंतर बघू. आधी हसण्याचं बोलते, कारण तिथे माझा अनुभव दांडगा आहे.

१९८७ साल, गिरगावातली आमची चाळ, गणपतीचा पाचवा दिवस. गोदरेजचं कपाट सोडलं तर मी माहेरून आणलेली एकच मोठी वस्तू म्हणजे बाबांचा ८० बासचा अकॉर्डियन. सासूबाई त्याला ‘ती बॅग’ म्हणायच्या. भावजी तेव्हा एका ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायचे. कुणीतरी दुबईहून आणून दिलेला तो कीबोर्ड घरात देवासारखा झाकून ठेवलेला असे. मी कार्यक्रमात रॉक एन रोल वाजवणार म्हटल्यावर ते जेवता जेवता म्हणाले, “वहिनी, हे भात्याचं काम नाही. पेटी ती पेटीच.” बस्स. तिथेच मी हट्टाला पेटले.

सुरुवात ‘कम सप्टेंबर’ या हॉलिवूड सिनेमाच्या धूनने केली. १९६१ची, बॉबी डॅरिनची. पण मुंबईत ती ऐकून हॉलिवूड कुणाला आठवतं? घोड्यावरचा नवरदेव आठवतो. लोक खूश झाले आणि मी तिथेच फसले. त्या ठेक्यातून बाहेर न पडता बिल हेलीचं ‘रॉक अराउंड द क्लॉक’ सुरू केलं. दुसरं कडवं येईतो तिसऱ्या मजल्यावरची पोरं तोंडात रुमाल धरून नागीण डान्स करायला लागली. मागून कुणीतरी ओरडलं, “अहो, घोडा कुठाय?” आणि भावजी माइकवर: “वहिनींनी वरात काढली आहे, मंडळींनी जेवूनच जायचं!” नंतर काय हशा पिकला ते सांगत नाही. गाणं मी शेवटपर्यंत वाजवलं, एवढं मात्र लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशी अकॉर्डियन माळ्यावर गेला तो जवळजवळ बारा वर्षं.

खाली काढला तेव्हा आत मेण सुकलेलं, रीडवरची, म्हणजे आवाज देणाऱ्या धातूच्या जिभांवरची, चामड्याची पानं वळलेली, दोन सूर गप्प. दुरुस्तीला गेलेल्या पैशांचा आकडा मी ह्यांना अजून सांगितलेला नाही. नीट होऊन आल्यावर तेच गाणं वाजवून मुलाच्या टेपरेकॉर्डरवर रेकॉर्ड केलं आणि ऐकलं. खरोखर वरात होती हो! भावजींचं निम्मं बरोबर होतं. दोष भात्याचा नव्हता, माझ्या डाव्या हाताचा होता.

आपण सगळे डावा हात एकाच पद्धतीने शिकतो: बास (एकच खालचा सूर), कॉर्ड (एकत्र वाजणारे तीन-चार सूर), बास, कॉर्ड. उम्-पा, उम्-पा. त्यात बास एकदा मूळ सुराचा, एकदा पंचमाचा. पोल्का या युरोपीय नाचाला उत्तम, वरातीला त्याहून उत्तम. पण रॉक एन रोलमध्ये जोर दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर येतो, आणि तो बटण जोरात दाबून येत नाही. बटण कितीही दाबा, आवाज तेवढाच. जोर भात्यातून येतो. त्या दोन मात्रांवर भात्याला मनगटाने झटका द्यायचा, कॉर्ड चटका बसल्यासारखी लगेच सोडायची, आणि पंचमावरची उडी बंद. एका बासवर ठाम बसा. तुमची हार्मोनियमची सवय इथे आडवी येणार. तिथे सूर अखंड धरायचा असतो, इथे तोडायचा असतो. मला ती सवय मोडायला दोन पावसाळे लागले.

बाकी डावी बाजू या गाण्यांसाठीच बनवल्यासारखी आहे. बटणं पंचमाच्या अंतराने लावलेली असतात, त्यामुळे एफ, सी, जी हे सख्खे शेजारी. बारा बारच्या, म्हणजे चार-चार मात्रांच्या बारा खणांच्या फेऱ्याचं जवळजवळ सगळं रॉक एन रोल या तीन घरांत उरकतं. ती हळवी, प्रेमभंगाची पॉप गाणी बहुतेक सी, ए मायनर, एफ, जी या फेऱ्यात फिरतात. त्यात सीवरून तीन घरं वर ए मायनर, तिथून खाली एफ, मग जी, झालं. आणि गाणाऱ्याला काळी दोन हवी की पांढरी चार, बोटांची चाल तीच, फक्त हात सरकवायचा. भावजी यासाठी कीबोर्डवरचं ट्रान्सपोजचं (पट्टी बदलायचं) बटण दाबतात आणि वर मला शिकवतात.

उजव्या हातात म्युझेटचा स्विच लावू नका. दोन रीड मुद्दाम किंचित बेसूर ठेवून येणारा तो थरथरता आवाज पॅरिसच्या गल्लीत शोभतो. एकच रीड वाजेल असा स्विच घ्या, म्हणजे सॅक्सोफोनच्या जागा त्यावर छान बसतात. डेल शॅननच्या १९६१च्या ‘रनअवे’मध्ये मधला जो किरटा, लांबट आवाज आहे तो म्युझिट्रॉन नावाच्या इलेक्ट्रॉनिक वाद्याचा. पण अकॉर्डियनवर तो तुकडा इतका चपखल बसतो की माझी नात विचारते, आजी, मूळ हेच का?

ज्यांना अकॉर्डियन म्हणजे राज कपूर आणि संपलं असं वाटतं, त्यांनी १९६९च्या ‘आराधना’तलं ‘रूप तेरा मस्ताना’ पुन्हा ऐकावं. तिथे केरसी लॉर्ड यांचा अकॉर्डियन आहे. त्यात कुठे वरात दिसते का, मला दाखवा.

आणि आता मुख्य पुरावा. तीन वर्षांपूर्वी पुतणीने, म्हणजे खुद्द भावजींच्या लेकीने, फॅमिली ग्रुपवर १९५६च्या ‘रॉक अराउंड द क्लॉक’ सिनेमाची क्लिप टाकली. त्यात बिल हेलीच्या मागे जॉनी ग्रांडे उभा आहे आणि त्याच्या गळ्यात अकॉर्डियन! ज्या बँडने जगाला रॉक एन रोल ऐकवलं त्याच बँडमध्ये. मी खाली एवढंच लिहिलं, “भावजी, घोडा कुठाय?” दोन तासांनी उत्तर आलं, “१९५४च्या रेकॉर्डवर तो पियानो वाजवतो.” हे खरं आहे, नाकारत नाही. पण पियानो गळ्यात अडकवून स्टेजवर जाता येत नाही, म्हणून तर त्याने अकॉर्डियन घेतला! यावर त्यांनी अंगठा पाठवला. अंगठ्याचा अर्थ काय घ्यायचा यावर आमच्या घरात दोन तट आहेत.

हां, तुमचा खरा प्रश्न राहिला. १२०चा दहा किलोच्या आसपास भरतो, पंचेचाळिशीनंतर पाठ बोलते. माझी बोलली, फिजिओथेरपी झाली, आता बसूनच वाजवते. ४८मध्ये सुरुवात होईल, पण गाणाऱ्याने पट्टी बदलली की बटणं अपुरी पडू शकतील. ७२ मिळाला तर डोळे झाकून घ्या. डोळे झाकून म्हणजे अक्षरशः नको: मुंबईत जुनाच माल जास्त फिरतो आणि आपली हवा रीडची शत्रू आहे. पावसाळ्यात केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. मे महिन्यात बंद गाडीत ठेवलात तर मेण मऊ होऊन रीड सुटतील. चाळीत किंवा पातळ भिंतींच्या फ्लॅटमध्ये राहत असाल तर शेजाऱ्यांशी आधी बोलून घ्या, याला आवाज कमी करायचं बटण नाही.

घेताना प्रत्येक सूर भाता उघडताना एकदा आणि मिटताना एकदा वाजवून बघा. दोन्ही दिशांना वेगळी जीभ बोलते, आणि विकणारा तुम्हाला चांगली बोलणारीच दिशा ऐकवतो.