ऑनलाईन पर्सनॅलिटी टेस्टचा रिझल्ट दर वेळी वेगळा का येतो? त्यातला खरा कुठला, आणि असल्या टेस्ट देण्यात काही अर्थ आहे का?

तुम्ही लिहिलंय की कॉलेजात असताना आय-एन-एफ-पी (सोळा प्रकारांतल्या एकाचं चार अक्षरी नाव) आलं होतं, नोकरी लागल्यावर ई-एन-एफ-जे आलं, परवा दिली तर तिसरंच काहीतरी, आणि मैत्रीण म्हणते तू उत्तरंच खोटी देतेस. मैत्रिणीचं फार मनावर घेऊ नका. मी या टेस्ट बरीच वर्षं देतेय, कंपनीच्या बसमधे, कोथरूडहून चाकणला जाताना, म्हणजे वेळच वेळ असतो, नाशिक फाट्याच्या पुढे बस अडकली की शंभर प्रश्नांची टेस्ट देऊन वर त्याचं लांबलचक वर्णन वाचूनही होतं. सोळा टाईपवाली, रंगांची, तुम्ही कुठला प्राणी, तुम्ही खरं तर कुठल्या शहरात राहायला हवं (मला लिस्बन आलं होतं, आम्ही अजून डहाणूकर कॉलनीतच आहोत), सगळ्या देऊन झाल्यात.

रिझल्ट का बदलतो ते आधी. ही सोळा टाईपवाली भानगड कॅथरीन ब्रिग्ज आणि तिची मुलगी इसाबेल ब्रिग्ज मायर्स या अमेरिकेतल्या मायलेकींनी उभी केली, कार्ल युंग या स्विस मानसशास्त्रज्ञाने १९२१ मधे माणसांच्या स्वभावाच्या प्रकारांवर जे लिहिलं होतं ते धरून. त्यात उलटसुलट स्वभावांच्या चार जोड्या असतात, म्हणजे बडबडा की घुमा अशा, आणि प्रत्येक जोडीतलं एकच अक्षर तुम्हाला मिळतं. आता बहुतेक माणसं पूर्ण बडबडी पण नसतात आणि पूर्ण घुमी पण नसतात, मधेच कुठेतरी असतात, पण मधला माणूस या टेस्टला चालतच नाही, त्याला इकडे नाहीतर तिकडे ढकलायचंच. दहावीला ३५ ला पास आणि ३४ ला नापास तसलं आहे हे. एका प्रश्नाला 'थोडंसं पटतं'च्या जागी 'थोडंसं नाही पटत' दाबलं की अक्षर पालटतं आणि मग खालचं वर्णन, तुमचं करिअर, तुमचा आदर्श जोडीदार, सगळंच पालटतं. म्हणून अक्षर बघूच नका, बाजूला टक्के दिलेले असतात ते बघा. दोनदा दिलेल्या टेस्टमधे ५२ आणि ४७ असेल तर तुमच्यात काहीही बदललेलं नाही, फक्त रेघ ओलांडली गेलीय. आणि आपण मोबाईलवर फुकटात देतो ती मूळ टेस्ट नसतेच, मूळ टेस्टला पैसे पडतात.

मग प्रश्न येतो की वर्णन वाचताना अगदी मीच, अगदी मीच असं का वाटतं, आणि तिन्ही वेळेला का वाटतं. याचं उत्तर १९४८ मधेच मिळालंय. बर्ट्रम फोरर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने वर्गातल्या ३९ विद्यार्थ्यांची पर्सनॅलिटी टेस्ट घेतली, आठवड्याने प्रत्येकाला हे तुझं वर्णन म्हणून एकेक कागद दिला आणि किती जुळतंय त्याला पाचपैकी मार्क द्यायला सांगितले. सरासरी आली ४.२६. मग सांगितलं की सगळ्यांच्या कागदावर शब्दन् शब्द एकच आहे, आणि ती वाक्यं बहुतेक करून स्टॉलवर मिळणाऱ्या ज्योतिषाच्या पुस्तकातून घेतलेली होती. म्हणजे कधी तुम्हाला माणसांत बरं वाटतं आणि कधी एकटं राहावंसं वाटतं, लोकांनी आपल्याला चांगलं म्हणावं असं तुम्हाला वाटतं, असली. आता हे कोणाला लागू नाही सांगा? आमच्याकडे सकाळी पेपर आला की सासूबाई आधी राशिभविष्य काढतात, 'जवळच्या व्यक्तीकडून अपेक्षाभंग' असं असलं की चष्म्यावरून माझ्याकडे बघतात. फोररच्या वर्गात त्यांनी पाचपैकी पाच दिले असते.

एवढं माहीत असून मी देते कशाला, तर प्रश्नांसाठी. खरंच, प्रश्नांसाठी. रोजच्या रगाड्यात मला कोण असले प्रश्न विचारतं? घरी विचारतात डबा भरलास का, ऑफिसात विचारतात अमक्याचा ओव्हरटाईम मस्टरवर आहे मग स्लिपमधे का नाही (मी पेरोलला आहे), सोसायटीत विचारतात मेंटेनन्स भरला का. तुला काय आवडतं, तू कशाला घाबरतेस, असं विचारणारं आता कोणी उरलेलं नाही, आणि कोणी विचारलंच तर मीच म्हणेन की काय झालं, बरं आहे ना सगळं.

एका टेस्टमधे होतं, शनिवारची संध्याकाळ अचानक मोकळी मिळाली तर काय कराल. पर्याय नेहमीचेच, मैत्रिणींना फोन, एकटीने काहीतरी वाचणं, नवीन ठिकाणी जाणं, झोपणं. मी तिथे अडकले ते अडकलेच, कारण शेवटची मोकळी शनिवार संध्याकाळ कुठली तेच आठवेना. शनिवारी गिरणीतून दळण आणायचं असतं, इस्त्रीवाल्याकडचे कपडे असतात, मग मुलीचा क्लास पौड रोडला, ती सुटेपर्यंत खाली स्कूटरवर बसून राहायचं कारण घरी जाऊन परत येण्यात काही राम नाही. आणि त्या वेळात मी काय करते, तर मोबाईलवर क्विझ देते. म्हणजे संध्याकाळ मोकळी मिळत होती की, दर शनिवारी मिळत होती, मी तिला मोकळी धरतच नव्हते, ती 'मुलीचा क्लास' या खात्यात जात होती. त्या दिवशी रिझल्ट काय आला ते आठवत नाही. पण आता त्या वेळात मी पुढच्या गल्लीतून एक चक्कर मारून येते, कधी कधी. कधी क्विझच देते, उगाच खोटं कशाला सांगा.

दुसरा एक प्रश्न जवळजवळ सगळ्याच टेस्टमधे असतो, तुम्ही वाद टाळता का. यावर मी कायम 'हो, खूप' दाबायचे. एकदा दाबता दाबता डोक्यात आलं की आत्ता बसमधे बसायच्या आधीच तर रिक्षावाल्याशी सुट्ट्या पैशांवरून चांगली जुंपली होती माझी. ऑफिसात कॉन्ट्रॅक्टरचा माणूस हजेरीत घोळ घालून आला तर मी त्याला एक रुपया इकडचा तिकडे करू देत नाही, आवाजही चढतो. पण सोसायटीच्या मीटिंगमधे पार्किंगवरून आमच्यावर अन्याय होत असतो तेव्हा मी खाली बघून बांगड्या फिरवत बसते, आणि माहेरी थोरल्या बहिणीपुढे तर तोंडच उघडत नाही. मग मी वाद टाळते का? वॉल्टर मिशेल नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९६८ मधे नेमकं हेच मांडून बराच गदारोळ उडवून दिला होता की माणूस एका प्रसंगात कसा वागतो त्यावरून दुसऱ्या प्रसंगात कसा वागेल हे आपण समजतो तितकं ओळखता येत नाही, प्रसंग काय आहे यावर फार असतं. पुढे त्याने म्हटलं की माणसाचा स्वभाव बघायचा तर 'असं झालं तर ही अशी वागते, तसं झालं तर तशी' या जोड्यांमधे बघा. मला हे एकदम पटलं. माझी जोडी अशी निघाली की पैसे दुसऱ्याचे असले की मी भांडते आणि पैसे माझे असले की गप्प बसते. रिक्षाचं काय मग, असं विचाराल, तर रिक्षाचे पैसे कंपनी देते.

तुमच्या तीन रिझल्टचंही मला हेच वाटतं. कॉलेजात उत्तरं देताना डोळ्यापुढे कॉलेजचा कट्टा असणार, नोकरीच्या सुरुवातीला ऑफिस असणार, आणि परवा काय होतं ते तुम्हालाच माहीत. तिन्ही खरे, त्या त्या जागेपुरते. खोटी उत्तरं वगैरे काही नाही. म्हणून मी आता प्रश्न आला की मनातल्या मनात त्याला शेपूट लावते, कुठे, कोणासमोर, आणि गेल्या आठवड्यात खरंच काय केलं होतं. 'मी शांत डोक्याची आहे का' याचं उत्तर हवं तसं देता येतं, 'गेल्या मंगळवारी सर्व्हर बंद पडला तेव्हा मी काय केलं' याचं देता येत नाही. (आणि एकच गोष्ट दोनदा उलटसुलट करून विचारतात त्याला वैतागू नका. ते मुद्दाम असतं, काही लोक सगळ्यालाच हो हो म्हणत जातात ते त्यात पकडतात. पुण्यात टेस्ट बनवली असती तर 'तुम्हाला काय करायचंय' असा पाचवा पर्याय द्यावा लागला असता हे मात्र खरं.)

अजून एक करून बघा, याच्यात खरी मजा आहे. घरातल्या कोणालातरी तुमच्याबद्दल तीच टेस्ट भरायला सांगा, तुम्ही वेगळी भरा, मग शेजारी ठेवा. मी नवऱ्याला बसवलं होतं. आधी म्हणाला मला अडकवायचा बेत आहे का तुझा, मग भरली. 'बारीकसारीक गोष्टींची काळजी करत बसते' याला त्याने दिलं 'क्वचित'. क्वचित! महिनाअखेरीला मी रात्री दोन वाजता छताकडे बघत ईएसआयचे, म्हणजे कामगार विम्याचे, आकडे जुळवत असते आणि हा शेजारी घोरत असतो, त्याला कुठून दिसणार. उलट 'नवीन काहीतरी सुचतं' याला मी स्वतःला शून्य दिलं होतं आणि त्याने पूर्ण मार्क दिले. मी म्हटलं काहीही काय, तर म्हणाला आपल्या चिमुकल्या बाल्कनीत वॉशिंग मशीन, दोरी आणि तुझी तुळस बसवलीस ती कोणी. सिमिन वझिरे या मानसशास्त्रज्ञ बाईंचा २०१० चा एक अभ्यास आहे त्यात साधारण असंच निघालं होतं, काळजी-भीती असल्या आतल्या गोष्टी माणूस स्वतः जास्त बरोबर ओळखतो, पण हुशारी, कल्पकता, जिथे आपला अहंकार नाहीतर न्यूनगंड मधे येतो, तिथे मित्रमंडळींचा अंदाज जास्त बरोबर ठरतो. तेव्हा बाल्कनीचे मार्क मी घेतले आणि काळजीच्या बाबतीत त्याचं उत्तर रद्द केलं. त्या रात्री पहिल्यांदा त्याला ईएसआयचं सांगितलं, तर म्हणाला मला उठवत जा. उठत नाही तो भाग वेगळा.

चांगली टेस्ट कुठली विचाराल तर टाईप सांगणारी नको, पाच गुणांवर मोजणारी बघा, बिग फाईव्ह म्हणतात. त्यात तुम्ही अमुक गटातल्या असं काही नसतं, पाच पट्ट्या असतात आणि प्रत्येकीवर तुम्ही कुठे आहात ते दाखवतात. जॉन जॉन्सन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने केलेली १२० प्रश्नांची आयपीआयपी-निओ फुकट देता येते, फार रंगीबेरंगी नाही त्यामुळे शेअर करायला मजा येत नाही, पण संशोधनात वापरतात ती तसली. करिअरचा निर्णय वगैरे असेल तर मात्र मोबाईल बाजूला ठेवा आणि समोर माणूस बसतो तिथे जा, पुण्यात ज्ञान प्रबोधिनीत दहावीनंतरच्या मुलांच्या कल चाचण्या होतात तसं. आकडे कागदावर येतातच, पण ते बघून पुढे बोलणारं कोणीतरी लागतं.

शेवटचं, जरा सीरियस. 'फेसबुकने लॉगिन करा' म्हणणारी क्विझ देऊ नका. २०१८ मधे केंब्रिज ॲनालिटिकाचं (फेसबुकवरची लोकांची माहिती निवडणूक प्रचारासाठी वापरणारी कंपनी) प्रकरण बाहेर आलं ते असल्याच एका पर्सनॅलिटी क्विझवरून. फेसबुकने तेव्हा स्वतःच सांगितलं की भारतात ते क्विझचं ॲप फक्त ३३५ जणांनी घेतलं होतं, पण त्यांच्या फ्रेंडलिस्टमधले धरून ५ लाख ६२ हजारांच्या आसपास लोकांची माहिती गेलेली असू शकते. म्हणजे क्विझ तुम्ही द्यायची आणि माहिती मावशीची जायची. आणि तुमची पहिली शाळा, आईचं माहेरचं नाव, पहिली गाडी असलं विचारणाऱ्या 'मजेशीर' क्विझ तर अजिबात नको, पासवर्ड विसरल्यावर काही साईट हेच तर विचारतात. हे सगळं मी सासूबाईंना समजावून सांगत होते, त्यांच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर 'जन्मतारीख टाका, मागच्या जन्मी कोण होतात बघा' असलं काहीतरी आलं होतं आणि त्यांनी लगेच भरून टाकलं होतं. मी म्हटलं, आई, अशी खरी जन्मतारीख कुठेही देत जाऊ नका हो. तर म्हणाल्या, खरी कशाला देतेय, सहा वर्षं कमीच टाकलीत.