नानांना विचारलंत का?

चोपडा तालुक्यातल्या एका धाकट्या भावाचं पत्र आहे. मोठ्या भावाला, म्हणजे नानांना, बऱ्याच वर्षांपासून स्किझोफ्रेनिया. आता रक्तात हेपॅटायटिस सी, म्हणजे लिव्हर बिघडवणारा विषाणू, निघालाय. तालुक्याचे डॉक्टर म्हणाले, "मानसिक पेशंट आहे, कोर्स पुरा करणार नाही, राहू द्या." घरी केळीची कापणी चालू, आई थकलेली. एवढी धावपळ करावी का, असं ते विचारतात.

भाऊ, तुमच्या पत्रात कंसात एक ओळ आहे: "रात्रीची गोळी नाना स्वतःच घेतात, नऊला मोबाइलचा गजर लावून." हे तुम्ही जाता जाता लिहिलंत, डॉक्टरांना तर सांगितलंही नसेल. ज्या गोळीने अंग जड होतं, सकाळी डोळे उघडत नाहीत, ती हा माणूस वर्षानुवर्षं कुणी न सांगता घेतोय. तो कोर्स पुरा करणार नाही, हे कशावरून ठरवलं? मला याचा राग येतो. तुमच्या दमण्याचाही विचार करीन, पण आधी नाना.

पूर्वी हेपॅटायटिस सीवर इंटरफेरॉनची इंजेक्शनं असायची. त्याने चांगली माणसंसुद्धा खचायची, म्हणून मानसिक रुग्णांना डॉक्टर ती द्यायला धजत नसत. तो काळ गेला. आता सोफोसबुविर आणि डॅक्लाटासविर या गोळ्या, बहुतेकांना दिवसातून एकदा, 12 आठवडे. शंभरातले पंच्याण्णवच्या आसपास पूर्ण बरे होतात. लिव्हर जास्त बिघडलं असेल तर औषध नि मुदत बदलते, म्हणूनच उशीर नको. 2018 पासून राष्ट्रीय हेपॅटायटिस कार्यक्रमात तपासणी आणि औषधं सरकारकडून मोफत आहेत. आणि मानसिक आजार आहे म्हणून दुसऱ्या आजाराच्या उपचारात दुजाभाव करायचा नाही, असं 2017 चा मानसिक आरोग्य कायदाच सांगतो.

एक गोष्ट मात्र नीट करा. नानांच्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या. त्यांत कार्बामाझेपिन (फिटवर, कधी मन स्थिर ठेवायला देतात ती गोळी) असेल तर नव्या औषधाचा असर उतरतो. मग मानसोपचारवाल्या डॉक्टरांना ती बदलून द्यावी लागते. आपल्या मनाने एकही गोळी बंद करायची नाही.

नानांना हेपॅटायटिस सी झालाय, हे त्यांना कुणी सांगितलं का? पत्रात तसा शब्द नाही. आज जेवणं झाली की सांगा, सरळ शब्दांत. सोमवारी त्यांना घेऊन जळगावला सिव्हिलला जा. डॉक्टर काही विचारतील तेव्हा उत्तर नानांना देऊ द्या, तुम्ही मधे बोलू नका.