घर बघायला दुपारी तीनला जा

दादा, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. जळगाव शहरात चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट, डोक्यावर थेट गच्ची, बाल्कनी पश्चिमेला. नाहीतर तेवढ्याच पैशात गावाबाहेरच्या ले-आउटमध्ये रो-हाऊस. वास्तू, पार्किंग आणि पुढे भाव किती वाढेल हे तुम्ही विचारलंय. पाण्याचा आणि उन्हाचा शब्द नाही.

तुमची चूक नाही. आपण घरं बघायला निघतो दिवाळी झाल्यावर. मीही जानेवारीत सकाळी अकराला फ्लॅट पाहिला होता, तुमच्यासारखाच वरच्या मजल्यावरचा, पश्चिमेचा. बाल्कनीत गार सावली होती. बायको म्हणाली, इथे तुळस ठेवू. एप्रिलमध्ये ती तुळस करपली.

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, हे कुणाला सांगायला नको. पण स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री आपल्यावर ओततो. रात्री अकराला छताखाली हात वर केला तरी धग लागायची. जुनी माणसं जाड मातीच्या भिंती आणि वर मातीचं धाबं, अशा घरात का राहायची ते तेव्हा कळलं. शेवटी मी गच्चीवर चुन्याचे पांढरे हात दिले, पश्चिमेला बांबूच्या चिका, म्हणजे काड्यांचे पडदे, लावल्या, फरक पडला. पण गच्ची सगळ्या सोसायटीची. चुना लावायलाही मीटिंगमध्ये परवानगी मागावी लागली.

मग कूलर आला, आणि इथून पाण्याची गोष्ट सुरू होते. आमचा लोखंडी कूलर मे महिन्यात दिवसाला साठ-सत्तर लिटर पाणी सहज रिचवतो. दोन खोल्यांत दोन कूलर धरा. म्हणजे ज्या महिन्यात नळाचं पाणी लांबतं, त्याच महिन्यात घराची तहान वाढते. जळगावला वाघूर धरणाचं पाणी येतं, पण रोज नाही. आणि आठ-आठ दिवस नळाची वाट पाहिलेले नातेवाईक धुळ्यात सगळ्यांनाच आहेत. म्हणून बिल्डरला 'चोवीस तास पाणी?' असं विचारू नका, तो हो म्हणेल. खालच्या टाकीत किती लिटर मावतं आणि त्यावर किती घरं आहेत, एवढं विचारा आणि भागाकार घरी करा. गेल्या मे महिन्यात टँकर किती आले, हे वॉचमनला विचारा. तो खरं सांगतो. माझी आई तर पाहुण्यांच्या नव्या घरी गेली की आधी विचारते, "पानी शे का?" चहा नंतर.

बोअरचं पाणी एका बाटलीत घरी आणा. त्यात तूरडाळ शिजते का बघा, पातेल्यात उकळून तळाला पांढरा थर किती बसतो ते बघा. खारट पाण्याने कूलरचं गवत एका उन्हाळ्यात दगड होतं, गिझरचं तर विचारूच नका. कूलर ठेवायच्या खिडकीसमोर हवा बाहेर जायला दुसरी खिडकी आहे ना, हेही बघा. नसेल तर नुसता दमट उबारा होतो.

रो-हाऊसचं वेगळं. तिथली जमीन काळी असेल तर ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि पाया वरवरचा असेल तर भिंत तिच्याबरोबर हलते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग गेलेली दिसली की रंगाच्या नव्या हातावर विश्वास ठेवू नका. त्याच ले-आउटमध्ये तीन-चार वर्षं राहणाऱ्या कुणाचं तरी घर आतून बघा. गटार नसेल तर मैला शोषखड्ड्यात जाणार, आणि छोट्या प्लॉटवर शेजाऱ्याचा शोषखड्डा तुमच्या बोअरला खेटून असू शकतो. मुलीची शाळा महामार्गाच्या पलीकडे असेल तर सकाळी सातला एकदा स्वतः रस्ता ओलांडून पाहा.

कागदपत्रांचं वकील बघेलच: बिगरशेती आदेश, सातबारा, भोगवटा प्रमाणपत्र. फक्त भाव कार्पेट एरियावर, म्हणजे घरात प्रत्यक्ष वापरता येणाऱ्या जागेवर काढा. आणि महारेरात, म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणात, नोंद असलेला प्रकल्प असेल तर ताब्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला की तो बिल्डरने फुकट दुरुस्त करायचा असतो. तशी तक्रार लेखी द्या, फोनवर बोलू नका. मी फोनवर बोलत बसलो.

एक गोष्ट तुम्हाला फालतू वाटेल. तुमच्याकडे कानबाई, आपली खानदेशातली देवी, बसते का? श्रावणात भाऊबंद जमले की पंचवीस-तीस पानं कुठे बसणार? आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खापरावर मांडे करायचे तर चूल कुठे मांडणार? सॅम्पल फ्लॅटमध्ये सोफा असतो, चूल नसते.

माझा कल विचाराल तर: फ्लॅट त्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर, पूर्वेकडचा मिळत असेल तर तो घ्या, दोन-चार लाख जास्त गेले तरी. नाही मिळाला तर टोकन द्यायला मेपर्यंत थांबा आणि दुपारी तीनला किल्ली मागून आत तासभर बसा, पंखा बंद ठेवून. गच्चीचं मात्र आजच विचारा. कुलूप कुणाकडे असतं, आणि वहिनींना बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळत घालायला किल्ली मिळेल का. आमच्या सोसायटीत यावरून दोन बायका तीन वर्षं बोलत नाहीत.