फॉर्मच्या भीतीने गोळ्या बंद करू नका

तुम्ही विचारले आहे की, दीड वर्षापासून रत्नागिरीत नैराश्यावर उपचार चालू आहेत आणि पुढेमागे अमेरिकेत सरकारी सुरक्षा मंजुरी (सिक्युरिटी क्लिअरन्स, म्हणजे गोपनीय माहिती हाताळण्याची परवानगी) लागणारे काम करायचे आहे, तर तिच्या फॉर्मवर उपचारांबद्दल विचारतील म्हणून गोळ्या आत्ताच बंद करून डॉक्टरांची फाइल घरी ठेवून निघावे का. व्हिसाचे काय ते वकील सांगतीलच. मी मूळची गुहागरची, एकोणीस वर्षे व्हर्जिनियात आहे आणि ही मंजुरी घेऊन काम करते, म्हणून फाइलबद्दल लिहिल्यावाचून राहवत नाही.

ही मंजुरी तिथल्या नागरिकालाच मिळते. ग्रीन कार्डानंतर साधारण ५ वर्षांनी नागरिकत्वाचा अर्ज करता येतो आणि भारतीयांची ग्रीन कार्डाची रांग लांबलचक आहे. ज्या प्रश्नाच्या धास्तीने तुम्ही आज औषध सोडायला निघालात, तो तुमच्यापुढे यायला कित्येक वर्षे आहेत.

तो प्रश्न असतो या मंजुरीसाठी भरायच्या एसएफ-८६ फॉर्मच्या २१व्या विभागात, आणि उपचार घेतले का असे तो सरसकट विचारत नाही. न्यायालयाने अक्षम ठरवले होते का, मानसिक आजारासाठी रुग्णालयात दाखल झाला होता का, स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलरसारखी ठरावीक निदाने झाली आहेत का, निर्णयशक्तीवर आणि विश्वासार्हतेवर ठळक परिणाम करणारा आजार आहे का, असे त्याचे स्वरूप आहे. होकार दिला म्हणून अर्ज आपोआप फेटाळला जात नाही. २०१७ पासून लागू असलेल्या निकषांत स्पष्ट लिहिले आहे की, केवळ समुपदेशन घेतले म्हणून प्रतिकूल अर्थ काढायचा नाही. उलट सातत्याने घेतलेले उपचार अर्जदाराच्या बाजूने धरले जातात. २०१२ ते २०२० या काळात मानसिक आरोग्याचा मुद्दा असलेली सुमारे ९७ हजार प्रकरणे संरक्षण खात्याने तपासली, आणि तेवढ्याच कारणावरून मंजुरी नाकारली किंवा काढून घेतली गेली ती ६२ जणांची.

हे मला वेळेवर कोणी सांगितले नाही. २०१६ च्या श्रावणात वडील गेले तेव्हा मला पोहोचता आले नाही. त्यानंतर झोप गेली. कचेरीच्या आवारात गाडी लावून छातीतली धडधड थांबेपर्यंत मी आतच बसून राहत असे. तरीही तीन वर्षे डॉक्टरकडे गेले नाही. लहानपणी आमच्या वाडीत कोणाचे बिनसले की ‘याला रत्नागिरीला न्या’ म्हणत, म्हणजे तिथल्या मनोरुग्णालयात, ते मनात होतेच. त्यात फॉर्मवर खरे लिहिण्याचाही धसका बसला होता. मुलाला शाळेत घालताना घरी कोणती भाषा बोलता या रकान्यात मी ‘मराठी’ लिहिले, आणि तिथेच जन्मलेल्या, सफाईने इंग्रजी बोलणाऱ्या मुलाला वर्षभर इंग्रजी न येणाऱ्यांच्या गटात बसवले. तो राग अजून गेलेला नाही. खरे लिहिले की भोगावे लागते, ही चुकीची समजूत मी तिथून उचलली आणि स्वतःच्या आजारावर लावली.

शेवटी उपचार घेतले आणि २०१९ मध्ये फॉर्म भरला. दोन रात्री गेल्या त्या आईचा पत्ता लिहिण्यात, कारण खालच्या वाडीतल्या घराला ना रस्त्याचे नाव ना क्रमांक. तिची जन्मतारीखही ‘होळीच्या आदल्या दिवशी’ एवढीच ठाऊक होती, ती अंदाजे म्हणून नोंदवली. २१व्या विभागात माझ्या आजाराला लागू पडेल असा प्रश्नच नव्हता. मुलाखतीत मी आपणहून विषय काढला, तर अधिकाऱ्यांनी एक ओळ लिहून पान उलटले आणि पाऊण तास आईला किती वेळा फोन करते हेच विचारले. ज्या प्रश्नासाठी तीन वर्षे अंगावर काढली, तो मला कोणी विचारलाच नाही. खोटे लिहिणे मात्र तिथे गुन्हा आहे आणि लपवाछपवी आजारापेक्षा जड जाते.

एकटेपणा येतो, त्याची सवय होते. त्यावर अधिक लिहीत नाही.

निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून इंग्रजीत पत्र घ्या. त्यात निदान, उपचार सुरू झाल्याची तारीख, गोळीची मात्रा आणि औषधाचे मूळ नाव हवे, कारण आपल्याकडचे कंपनीचे नाव तिथल्या दुकानदाराला ठाऊक नसते. विमा सुरू होऊन तिथला डॉक्टर मिळेपर्यंत पुरतील एवढ्या गोळ्या चिठ्ठीसह हातातल्या सामानात ठेवा. आणि गोळी कमी करायची की नाही हे तुमच्या डॉक्टरांनाच ठरवू द्या. तुमची पुढची तपासणी कधी आहे, तेवढे मला कळवा.