‘सायकेक’ला मराठीत काय म्हणायचं, आणि नववीतल्या मुलांना नेमकं काय विचारायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारी मुलगी मुंबईत मानसशास्त्रात एमए करतेय, तिच्या ग्रुपला भांडुप-विक्रोळीच्या मराठी शाळांमधे आठवी ते दहावीच्या मुलांना एक प्रश्नावली द्यायची आहे, विषय मनातलं दुखणं आणि आत्महत्येचा धोका, मूळ वाक्यं इंग्रजीत. ती विचारते, ‘सायकेक’ला (psychache, म्हणजे मनातलं असह्य दुखणं) मानसिक वेदना, मनोवेदना की मनोव्यथा? आणि ‘आत्महत्या’ हा शब्द मुलांपुढे सरळ लिहायचा, की गाईड म्हणतात तसं ‘काही बरंवाईट करून घेणं’ असं सौम्य लिहायचं?

माझं उत्तर आधीच सांगतो, रिपोर्टमधे ‘मनोव्यथा’ लिहा, आणि मुलांच्या हातात जो कागद जाणार आहे त्यावर या तीनपैकी एकही शब्द नको.

सायकेक हा शब्द एडविन श्नाइडमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचा, १९९३ सालचा. याच माणसाने १९५८ मधे दोन सहकाऱ्यांबरोबर लॉस एंजेलिसला आत्महत्या प्रतिबंध केंद्र सुरू केलं होतं, म्हणजे आयुष्यभर याच विषयात काम केलेला माणूस. त्याचं म्हणणं असं की आत्महत्येच्या मुळाशी एखाद्या आजाराचं नाव नसतं, मनातलं असह्य दुखणं असतं, लाज, अपराधीपणा, भीती, एकटेपणा यातून आलेलं, आणि माणसाला मरण हवं असतं त्यापेक्षा ते दुखणं थांबायला हवं असतं. त्याआधी त्याने तीन गोष्टी एकत्र मांडल्या होत्या, वेदना, बाहेरून येणारं दडपण आणि मनाची खळबळ, तिन्ही टोकाला गेल्या की धोका सगळ्यात जास्त. त्या तिसऱ्या गोष्टीला मराठीत घालमेल, तगमग, तळमळ असे एकसे एक शब्द तयार आहेत, अनुवाद करताना ते विसरू नका, ‘प्रक्षोभ’ वगैरे लिहायची अजिबात गरज नाही.

आता मनोव्यथाच का. ‘वेदना’ हा विद् धातूवरून आलेला, मुळात नुसती जाणीव, पालीत तर सुखाचीही वेदना असते. आजच्या मराठीत मात्र ती शरीराकडे गेलीय, वेदनाशामक म्हटलं की गोळी आठवते. ‘यातना’ म्हटलं की कोणीतरी त्या देतंय असं येतं, नरकातल्या शिक्षेचा वास त्या शब्दाला अजून आहे. ‘व्यथा’ हा व्यथ् पासून, म्हणजे थरथरणं, अस्वस्थ होणं, त्यामुळे दुखणं आणि घालमेल दोन्ही एकाच शब्दात येतं. आणि आपल्याकडे या गोष्टीला जुना स्वतंत्र शब्दही होता, ‘आधिव्याधी’ मधला आधि. अमरकोशात ‘पुंस्याधिर्मानसी व्यथा’ असं स्पष्ट दिलंय, आधि म्हणजे मनाची व्यथा, व्याधी शरीराची. आज आपण जोडशब्द बोलतो आणि त्यातला पहिला अर्धा कशासाठी आहे हे कोणाच्या लक्षातही नसतं. तो एकटा परत आणता येणार नाही, कारण वाचणारा ‘आधी’ म्हणजे अगोदर असंच वाचणार, पण मनोव्यथा घेतलं तर त्या व्याख्येशी धागा जुळतो. एवढं रिपोर्टपुरतं.

खरं काम पुढे आहे. २००१ मधे कॅनडात रोनाल्ड होल्डन आणि सहकाऱ्यांनी १३ वाक्यांची सायकेक मोजपट्टी केली, २००३ मधे इस्राएलच्या ऑर्बाख आणि मिकुलिन्सर यांनी ४४ वाक्यांची केली, त्यात रिकामपण, आपलं आपल्यावर नियंत्रण नाही असं वाटणं, भावनांचा लोंढा, स्वतःलाच परकं होणं असे वेगवेगळे कप्पे आहेत. अशा मोजपट्ट्या सगळ्या एका गोष्टीवर उभ्या असतात, वाक्य वाचून मुलाला ‘हो, हे माझंच आहे’ असं वाटायला हवं. ‘मला मनोवेदना होतात’ हे वाचून नववीतला मुलगा पेपरातला प्रश्न समजून काहीतरी टिक करेल आणि तुम्हाला वाटेल मोजलं.

‘आतून दुखतं’ असा सरळ अनुवाद केलात तर अर्धी मुलं पोट समजतील. ‘माझं मन दुखतं’ केलंत तर ‘मन दुखावलं’ ऐकू येईल, म्हणजे कोणीतरी काहीतरी बोललं आणि मनाला लागलं, आणि ज्या मुलाला कोणीच काही बोललेलं नाही पण तरी सगळं असह्य झालंय तो ‘नाही’ वर टिक करून मोकळा होईल. ही चूक महाग आहे, कारण तोच मुलगा तुम्हाला शोधायचा होता.

मग काय लिहायचं? मुंबईतली मुलं काय बोलतात ते ऐका. टेन्शन आलंय, लोड आलाय, डोकं आऊट झालंय, मूड ऑफ आहे, वैताग आलाय, नको वाटतंय सगळं, झेपत नाही. यातलं टेन्शन आणि लोड श्नाइडमनच्या दडपणात बसतं, वेदनेत नाही, म्हणून सगळीकडे टेन्शन लिहू नका. ‘झेपत नाहीये’ मला फार मोलाचं वाटतं. ऑर्बाखच्या गटाने वेदना किती आहे याच्याबरोबरच ती सोसायची ताकद किती आहे हे वेगळं मोजलं होतं, आणि त्या दुसऱ्या गोष्टीला आपल्या मुलांच्या तोंडी शब्द आहेच, ‘सहन होत नाही’ पेक्षा जास्त खरा, कारण सहन तर त्यांना मे महिन्यातला उकाडाही होत नाही.

आणि ‘कंटाळा’. या शब्दापाशी जरा थांबाच. ‘कंटाळा आलाय’ म्हणजे गणिताच्या तासाचा कंटाळा, आणि ‘मला कंटाळा आलाय आता’ म्हणजे जगण्याचा उबग, शब्द एकच. मोठी माणसं नेहमी पहिला अर्थ ऐकतात आणि मोबाईल बाजूला ठेव म्हणतात. प्रश्नावलीत नुसता ‘कंटाळा’ आला तर सगळा वर्ग हो म्हणेल आणि आकडे फुगतील, पण ‘कशातच जीव रमत नाही, सगळ्याचाच कंटाळा आलाय’ असं लिहिलंत तर फरक पडतो. ‘निराश’चंही तेच, मॅच हरली तरी मुलं निराश होतात. क्लोन्स्की आणि मे या दोन मानसशास्त्रज्ञांनी २०१५ मधे मांडलं की वेदना आणि ‘हे कधी बदलणारच नाही’ हे दोन्ही एकत्र आलं की मरणाचे विचार सुरू होतात, मग ही दुसरी गोष्ट नीट पकडायला हवी, आणि त्यासाठी ‘आशा वाटत नाही’ पेक्षा ‘यातून सुटका नाही असं वाटतं’ हे मला जवळचं वाटतं. थॉमस जॉइनर हा मानसशास्त्रज्ञ २००५ मधे म्हणाला की आपण दुसऱ्यांवर ओझं आहोत असं वाटणं हे धोक्याचं मोठं लक्षण, त्याला तर मराठी शोधावंच लागत नाही, ‘माझ्यामुळे घरच्यांना त्रास होतो, मी नसतो तर बरं झालं असतं’ हे वाक्य चाळीच्या एका खोलीत, जिथे फीचं बोलणं मुलाच्या कानावर जातंच, तिथे सहज तयार होतं.

आता ‘नसतो’ की ‘नसते’? इंग्रजीत ही भानगड नाही, मराठीत ‘मी थकलोय’ लिहिलं की मुली बाहेर आणि कंसात दोन्ही लिहिलं की वाचायला अडखळतं. शक्यतो ‘मला’ची वाक्यं करा, मला थकल्यासारखं वाटतं, मला आतून रिकामं वाटतं, लिंगाचा प्रश्न मिटतो. फक्त ‘मला वाटतं की’ टाळा, ते मत होतं, भावना राहत नाही. जिथे जमणारच नाही तिथे मुलांची आणि मुलींची प्रत वेगळी छापा.

दुसरा प्रश्न, बरंवाईट. इथे मी गाईडशी सहमत नाही, मनापासून नाही. ‘काही बरंवाईट’ हे मोठ्यांनी मोठ्यांसाठी बनवलेलं आहे, तेरा वर्षांच्या मुलीला त्यात काय विचारलंय तेच कळणार नाही, आणि कळलं तर हेही कळेल की हा विषय इथे नाव घेऊन बोलायचा नाही. विचारल्यामुळे मुलांच्या डोक्यात विचार येतो ही भीती सगळ्यांना असते, पण ती तपासून झालीय. मॅडेलिन गूल्ड आणि सहकाऱ्यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या सहा हायस्कूलमधल्या २,३४२ मुलांवर प्रयोग केला, तो २००५ मधे छापून आला, काहींना आत्महत्येचे प्रश्न विचारले, काहींना नाही, विचारलेल्यांचा त्रास वाढला नाही, आणि जी मुलं आधीच जास्त धोक्यात होती त्यांचाही नाही.

मराठीत एक सोय आहे ती वापरा. ‘मेलो तर बरं’, ‘मरून जावंसं वाटतं’, ‘जीव द्यावासा वाटतो’, ‘जीव द्यायचं ठरवलंय’ या चार वेगळ्या पायऱ्या आहेत आणि मुलांना हा फरक न शिकवता कळतो, म्हणून एका प्रश्नात सगळं कोंबू नका. ‘आत्महत्या’ शब्द एका ठिकाणी सरळ असू दे, बाकी ठिकाणी ‘जीव द्यावासा’. आणि ‘अयशस्वी प्रयत्न’ मात्र कुठेच लिहू नका, रिपोर्टमधेही नाही, वाचलेल्या मुलाला त्यात आपण हेही नीट करू शकलो नाही असं ऐकू येतं.

तुम्ही अनुवाद परत इंग्रजीत करून ताडून बघणार म्हणालात, ते करा, पण त्यात ‘मनोवेदना’ आरामात पास होईल कारण दोन्ही अनुवादक शिकलेले असणार. त्यापेक्षा त्याच वयाच्या मुलांसमोर एकेक वाक्य ठेवा आणि विचारा, यात काय विचारलंय ते तुझ्या शब्दात सांग. आगरी, मालवणी बोलणाऱ्या घरातली मुलं त्यात असू देत, आणि ज्यांच्या घरी हिंदी बोलतात तीही.

शेवटी एक, भाषेचं नाही पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. एनसीआरबीच्या, म्हणजे देशभरातल्या गुन्ह्यांची आणि आत्महत्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी विभागाच्या, २०२२ च्या आकड्यांत १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्या नोंदल्यात. जे मूल ‘जीव द्यावासा वाटतो’ वर हो लिहील त्याच्याशी त्याच दिवशी बोलणारं माणूस तिथे हजर हवं, कागद गोळा करून महिन्याने एक्सेलमधे भरणार असाल तर तो प्रश्न विचारू नका. काय गुप्त राहील आणि काय सांगावं लागेल हे पहिल्याच पानावर साध्या शब्दात लिहा. शेवटच्या पानावर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर द्या, १४४१६, सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं, आणि त्याच्यावर ‘समुपदेशनासाठी संपर्क’ असं न लिहिता ‘कोणाशी तरी बोलावंसं वाटलं तर’ असं लिहा. कच्चा मसुदा झाला की पाठवा, वाक्यं मी बघून देतो.