'गुडनाइट डेस्डिमोना' मराठीत बसवायचं तर पाच नट पुरतील का?

तुमचे दोन प्रश्न आहेत: पाच जणांच्या हौशी संघाला 'गुडनाइट डेस्डिमोना (गुड मॉर्निंग ज्युलिएट)' झेपेल का, आणि ज्यांनी शेक्सपिअर वाचलेला नाही त्यांना हसू येईल का.

पाच जण पुरतात, कारण अ‍ॅन-मरी मॅकडोनल्ड या कॅनडातल्या लेखिकेनं हे विनोदी नाटक पाच जणांसाठीच लिहिलंय; त्यात एक प्राध्यापिका शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो' आणि 'रोमिओ अँड ज्युलिएट' या नाटकांत जाऊन पडते. टोरांटोच्या नाइटवुड थिएटरनं 1988 मध्ये ते पहिल्यांदा केलं, दिग्दर्शन बनुटा रुबेसचं होतं. ही प्राध्यापिका, म्हणजे कॉन्स्टन्स लेडबेली, करणारी नटी फक्त तीच भूमिका करते. दुसऱ्याकडे ऑथेल्लो, टिबल्ट, प्रोफेसर क्लॉड नाइट आणि ज्युलिएटची दाई. तिसरीकडे डेस्डिमोना, रामोना, मर्क्युशिओ आणि नोकर. चौथीकडे ज्युलिएट, विद्यार्थिनी आणि सायप्रसचा शिपाई. पाचव्याकडे रोमिओ, इयागो, निवेदक आणि भूत. संघात सात-आठ जण असले तरी ही वाटणी मोडू नका. कॉन्स्टन्सच्या लिखाणावर नाव कमावणारा नाइट आणि तिला सायप्रसमध्ये ('ऑथेल्लो' तिथे घडतं) भेटणारा ऑथेल्लो यांचा चेहरा एकच असणं हा नाटकाचा अर्थच आहे, काटकसर नाही.

आता विनोदाचं. कॉन्स्टन्स कॅनडातल्या क्वीन्स विद्यापीठात शिकवते. 'ऑथेल्लो' आणि 'रोमिओ अँड ज्युलिएट' मुळात विनोदी नाटकं असावीत, कुणीतरी त्यातला विदूषक काढून टाकला, असं तिचं म्हणणं. त्यामागचा तर्क पक्का आहे: या दोन शोकांतिका इतक्या छोट्या गैरसमजावर उभ्या आहेत की योग्य वेळी कुणी एक वाक्य बोललं असतं तर कुणी मेलंच नसतं. ती कचऱ्याच्या टोपलीतून थेट त्या नाटकांत जाऊन पडते आणि ते वाक्य बोलते. पण हसू त्या वाक्यावर येत नाही. त्याच्या आधीची पाच मिनिटं खरीखुरी भीतीदायक असतील तरच येतं. म्हणून पहिला आठवडा कॉन्स्टन्सला बाजूला बसवा आणि ऑथेल्लो आणि त्याला बायको डेस्डिमोनाविरुद्ध भडकवणारा इयागो यांचा प्रवेश शोकांतिका म्हणूनच बसवा. ऑथेल्लोनं जरा जरी डोळे मिचकावले की पुढचा सगळा अंक फुसका होतो. शेक्सपिअर न वाचलेल्या प्रेक्षकालाही याच ताणामुळे गोष्ट कळते. सुरुवातीच्या मूकदृश्यात उशीनं गुदमरणारी डेस्डिमोना, खंजीर खुपसणारी ज्युलिएट आणि टोपलीत कागद टाकणारी कॉन्स्टन्स एकाच वेळी दिसतात. तिघींना तीन वेगळे स्पॉट द्या आणि घाई करू नका.

उशीचा प्रसंग नीट शिकून घ्या. उशी आतून अर्धी रिकामी ठेवा, दाब तिच्या दोन्ही कडांवरून गादीवर द्यायचा, नाकातोंडावर नाही. धडपड खाली असलेली नटी ठरवते, वरचा फक्त तिच्या मागे जातो. तिनं मनगटाला दोनदा थोपटलं की तालीम तिथेच थांबली पाहिजे.

रुमाल हे सगळ्यात महत्त्वाचं सामान: डेस्डिमोनाचा हाच रुमाल इयागो तिच्या बेवफाईचा खोटा पुरावा म्हणून वापरतो. शेक्सपिअरच्या नाटकात त्यावर स्ट्रॉबेरीचं भरतकाम आहे, ते शेवटच्या रांगेतून दिसायला हवं. 45 सेंटिमीटरचा चौकोन घ्या आणि लाल फळं मोठी काढा. इयागोच्या कपड्यात तो कोंबू नका, घडी करून एक टोक वर ठेवा. कोंबलेला रुमाल अडकतो, कॉन्स्टन्सला दोनदा ओढावा लागतो आणि तेवढ्यात हशा निसटतो.

सायप्रसमधून निघताना कॉन्स्टन्सचा स्कर्ट डेस्डिमोनाच्या हातात राहतो आणि ती व्हेरोनात, म्हणजे रोमिओ-ज्युलिएटच्या गावात, आतल्या लांब गरम कपड्यांत उतरते. म्हणूनच तिथे सगळे तिला मुलगा समजतात. स्कर्टला वेल्क्रोची सलग पट्टी लावली तर आवाज येतो आणि नटीसुद्धा ओढली जाते. चार-पाच टिचबटणं पुरतात. याच ठिकाणी डेस्डिमोना करणारीला रोमिओचा मित्र मर्क्युशिओ आणि ऑथेल्लो करणाऱ्याला ज्युलिएटचा नातलग टिबल्ट व्हायचं असतं. मध्यंतर इथेच घ्या असं माझं ठाम मत आहे. नाहीतर ते दोघं धापा टाकत तलवारबाजीला येतात, आणि दमलेल्या हातातली बोथट तलवारही धोक्याचीच. प्रत्येक प्रयोगाआधी ती लढाई एकदा अर्ध्या वेगानं करून घ्या.

भाषांतरात खरी मेहनत छंदाची. कॅनडातलं बोलणं गद्य आहे, शेक्सपिअरची माणसं निर्यमक पद्यात बोलतात, आणि हळूहळू कॉन्स्टन्सही पद्यात बोलू लागते. ते तिच्या स्वतःच्याच लक्षात येतं. सगळं मुक्तछंदात केलंत तर मराठी कानाला हा बदल ऐकूच येणार नाही. ओवी घेतली तर यमक आड येतं. मी आठ-आठ अक्षरांचे दोन तुकडे, यमक न जुळवता, असं सुचवेन: 'थांब वीरा, आधी ऐक, रुमाल याच्या खिशात'. बोटावर मोजता येतं आणि नटालाही धरून ठेवता येतं.

डेस्डिमोनाला रणरागिणीचा पुतळा करू नका. शेक्सपिअरच्या संहितेतच ती ऑथेल्लोच्या युद्धकथा अधाशासारखी ऐकते आणि तो तिला आपली योद्धी म्हणतो. मॅकडोनल्ड तोच धागा ताणते. ही डेस्डिमोना शूर आहे आणि ऑथेल्लोइतकीच हलक्या कानाची आहे, इयागो तिलाही तसाच फसवतो. ज्युलिएटचंही तसंच. लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी ती आणि रोमिओ एकमेकांना कंटाळलेत आणि दोघंही कॉन्स्टन्सच्या प्रेमात पडतात. रोमिओ बायकी कपडे घालतो तिथे लावणीची नक्कल करून टाळी घेण्याचा मोह होईल. तो आवरा. त्याची ओढ खरी वाटली तरच प्रसंग विनोदी होतो. आणि कॉन्स्टन्स बावळट नाही, तिच्या विद्वत्तेवर दुसरा मोठा झालाय.

परवानगी आधी, तालीम नंतर. लेखिका हयात आहेत, त्यामुळे भाषांतराचा आणि प्रयोगाचा हक्क त्यांच्या एजंटकडून वेगवेगळा आणि लेखी मागा. महाराष्ट्रात जाहीर प्रयोगासाठी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडेही द्यावी लागते. शेक्सपिअर मोकळा आहे, पण शिरवाडकरांच्या 'ऑथेल्लो'तल्या ओळी उचलू नका, त्यांवर हक्क आहे. देवलांनी केलेलं 'ऑथेल्लो'चं रूपांतर 'झुंजारराव' मात्र हक्कमुक्त झालंय, त्यातली एखादी ओळ खुशाल वापरा.

शेवटी कॉन्स्टन्सचं पेन सोन्याचं झालेलं दिसतं. दोन पेनं ठेवा. दुसऱ्याला सोनेरी रंग न देता चमकता कागद गुंडाळा, रंग लांबून तपकिरी दिसतो.